कातळावरचे नऊ खेकडे

आधीच सांगून टाकते, सगळे सुखरूप आहेत. आबा आत्ता बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेत आणि चहाची ऑर्डर दोनदा सोडून झालीय. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याला उगाच टांगणीला लावणारी माणसं मला आवडत नाहीत. त्या रविवारी दुपारी तीन ते सहा मी स्वतः टांगणीला लागले होते, तेवढं पुष्कळ झालं.

आबा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. आमचं गाव वाळव्याकडचं, घरी उसाची जमीन, पण आबांची सगळी उमेदीची वर्षं पलटणीत गेली. गेल्या पावसाळ्यात आई गेली आणि मी त्यांना सांगलीला माझ्या घरी घेऊन आले. तेव्हापासून त्यांचं जेवण तुटलं. रुसून नव्हे की उपास म्हणून नव्हे. चतकोर भाकरी पुढं ओढायची, कुस्करायची, दोन घास खायचे आणि ताट सरकवायचं. सगळ्या तपासण्या करून झाल्या. रोग काही निघाला नाही. रोज सकाळी मी चहा घेऊन गेले की म्हणायचे, "माजी ड्यूटी संपली, पोरी. आता निघायची ऑर्डर यायची तेवढी बाकी हाय. तुज्या आईला मी सांगितलंय, येतोच मागनं."

पहिल्या पहिल्यांदा मला रडू यायचं. पुढं पुढं राग यायला लागला. "ऑर्डर यीस्तवर जेवायला काय हुतंय?" असं मी ओरडायचे सुद्धा. ओरडले की ते निमूट आणखी एक घास खायचे आणि तो घास बघून मला स्वतःचीच लाज वाटायची. पलटणीत शंभर माणसांना धाकात ठेवलेला माणूस माझ्या आवाजाला भिऊन खातोय, हे काही बघवत नव्हतं. बरगड्या मोजता याव्यात इतके ते वाळले होते. एवढंच मागणं होतं माझं देवाकडं, की ह्या माणसाला काहीतरी खावंसं वाटू दे.

मार्च संपत आला होता. यांच्या भाचीच्या घराची वास्तुशांत होती. हे म्हणजे माझे यजमान, सांगलीत हळदीच्या पेढीवर कामाला असतात. भाचीचं सासर रत्नागिरीकडं, अगदी समुद्राला लागून. एका रात्रीचाच प्रश्न होता, म्हणून आबांना शेजारच्या वहिनींवर सोपवून आम्ही दोघं निघालो. मी चपला घालत होते आणि मागून आबांचा आवाज आला, "समुद्रावर चाललाय न्हवं? खेकडं मिळत्यात का बघ जरा."

मी तशीच वळले. आठ महिन्यांत त्या माणसानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. हे गाडीत बसून हॉर्न वाजवत होते आणि मी दारात उभी राहून डोळे पुसत होते. यांना वाटलं, चप्पल सापडत नाही.

आता माझ्या खेकड्यांच्या ज्ञानाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. आबा सुट्टीवर आले की मला घेऊन ओढ्याला जायचे. मी एकुलती एक, त्यामुळं पोराला शिकवायचं ते सगळं मलाच शिकवलं. बिळात हात कसा घालायचा, खेकडा मागून कसा धरायचा, पोटावरची झडप अरुंद असली तर नर आणि रुंद असली तर मादी, पाय दाबून बघितला आणि कडक लागला तर भरलेला, दबला तर पोकळ. अमावस्येच्या सुमाराला खेकडा भरतो आणि पौर्णिमेला पोकळ होतो, म्हणून चंद्र बघून ओढ्याला जायचं. मेलेला खेकडा चुलीकडं न्यायचा नाही. बास, शाळा संपली. आमच्याकडं खेकडा ओळखायचा म्हणजे एवढंच. हा खायचा का नाही, हा प्रश्न आमच्याकडं कुणाला कधी पडलेलाच नाही. ओढ्यात, बांधाला, उसाच्या पाटात जो सापडेल तो खायचा. खेकडा खाण्याजोगा नसू शकतो हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

वास्तुशांत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ओहोटी होती. मी भाचीकडची बादली घेतली आणि एकटीच कातळावर गेले. पाणी लांब आत गेलेलं, खडकांच्या खाचांत डबकी राहिलेली आणि त्या डबक्यांत खेकडे. अमावस्या परवाच होऊन गेलेली, म्हणजे भरलेलेच असणार. मी साडी खोचली आणि आबांची शिकवण सुरू केली. हे खेकडे आमच्या खेकड्यांसारखे सुस्त नव्हते. अंगावर धावून येत होते आणि पाण्यात असे सटकत होते की हाताला नुसती झुळूक लागायची. रंग तांबूस जांभळा, पायांवर आडवे पट्टे, नांग्यांवर काटे, नांग्यांची टोकं काळपट. दोनदा करंगळीला चावा बसला, रक्त आलं. पण तासाभरात नऊ धरले. नऊ! मला इतकं भारी वाटलं की विचारू नका.

कातळावर एक म्हातारी बाई लोखंडी हत्यारानं कालवं फोडत बसली होती. भाचीची शेजारीण. मी जाताना तिनं मान वर केली आणि म्हणाली, "बघू गो, काय गावलं?"

मी बादलीवरचं ओलं बारदान नीट झाकून घेतलं आणि म्हटलं, "खेकडं. आमच्याकडं बी असत्यात." आणि पुढं गेले. ती परत कालवं फोडायला लागली. आता आठवलं की माझे कान गरम होतात. पण त्या वेळी माझ्या मनात एवढंच होतं की ह्या कोकणातल्या लोकांना वाटायला नको, घाटावरच्या बाईला खेकडा माहीत नाही.

निघण्याआधी बादलीत वाकून फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सांगलीकरांनी समुद्र लुटला.' मग फोन पर्समध्ये गेला तो गेलाच.

आंबा घाट चढून, मध्ये एकदाच चहाला थांबून साडेबाराला सांगलीत पोचलो. वाटेत दोन खेकडे मेले होते. ते मी बाजूला काढून परसात लिंबाच्या बुडाशी टाकले आणि वरून पायानं माती सारली. उरले सात, ते जिवंत होते.

आमच्या घरात वशाट परसात शिजतं. हे माळकरी. वीस वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून शिवत नाहीत, पण दुसऱ्याच्या ताटाकडं कधी वाकड्या नजरेनं बघत नाहीत. परसात वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळी पळी. मी तिथं बसले. सात पाठीची कवचं काढून तीही लिंबाच्या बुडाशी टाकली. आमच्याकडं खेकड्याची टरफलं झाडालाच घालतात. मग सगळे पाय तोडले, मिक्सरमधून भरडले, फडक्यातून पिळून त्याचं पाणी काढलं. आमच्याकडच्या रश्श्याचा जीव त्या पाण्यात असतो. नुसत्या फोडी टाकून केला तर त्याला आबा 'पलटणीचा रस्सा' म्हणतात. कांदा-खोबरं भाजून वाटलं, घरची चटणी घातली, पायांचं पाणी ओतलं, फोडी आणि नांग्या सोडल्या. वास सुटला तशी आबांच्या खोलीतून काठीची टकटक ऐकू आली. दुपारचं त्या खोलीतून कुणी उठत नसे.

आबा परसाच्या दारात येऊन उभे. म्हणाले, "पाय वाटल्यात न्हवं?"

"वाटल्यात, आबा."

"मग बास."

पाटावर बसले. पहिली वाटी ओठाला लावली, डोळे मिटले. ज्वारीची आख्खी भाकरी चुरली. दुसरी वाटी मागितली. नांगी दातानं फोडली, आणि दात तरी किती, मोजून सात! बनियनवर रस्सा सांडला. मी समोर उकिडवी बसून नुसती बघत होते. माझं स्वतःचं जेवण राहिलेलं, मिठाला म्हणून पळीभर चाखला होता तेवढाच. पण पोट भरल्यासारखं वाटत होतं. किती महिन्यांनी छाती मोकळी झाली होती माझी.

हात पुसून फोन हातात घेतला तेव्हा तीन वाजायला आले होते. ग्रुपवर पुण्यातल्या चुलतभावाचा निरोप. ह्या भावाला जगातल्या सगळ्या गोष्टींवर मत आहे, म्हणून त्याचे निरोप मी सहसा वाचतच नाही. हा वाचला. 'ताई, हे खाऊ नका. काळ्या बोटांचे काही समुद्री खेकडे विषारी असतात. शिजवलं तरी विष जात नाही. आधी ओठ बधिर होतात.' खाली त्यानं माझा फोटो कुठल्याशा अ‍ॅपमध्ये टाकून आलेलं उत्तर जोडलं होतं. त्यात लाल अक्षरांत लिहिलं होतं, विषारी असण्याची शक्यता.

मी ओठावरून जीभ फिरवली. ओठ झणझणत होते. चटणीनं झणझणत होते की दुसऱ्या कशानं, ते काही केल्या कळेना. फोटो मोठा करून बघितला. नांग्यांची काळी टोकं तेवढी स्पष्ट होती, बाकी सगळे एकमेकांच्या अंगावर चढलेले.

मी भावाला फोन लावला. "आता ओळखायचा कसा, ते सांग."

"मी वाचलंय ते असं, की मागचा शेवटचा पाय बघायचा. वल्ह्यासारखा चपटा असला तर तो पोहणारा खेकडा, तो बहुतेक खातात. पाय दाखव, मी बघतो."

पाय! चौदाच्या चौदा मागचे पाय मी माझ्या हातानं भरडून, पिळून, गाळून आबांना पाजले होते.

मी यांना हाक मारली. "आवं," म्हटलं, "इकडं या." यांनी निरोप वाचला, माझ्याकडं बघितलं आणि उरलेलं पातेलं झाकून उंच फळीवर ठेवलं. मी ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "त्रास व्हायची वाट बघत घरी बसू नका. लगेच घेऊन या. आणि तो कोणता खेकडा होता ते कळलं तर बघा."

आबांना काय सांगायचं? मी त्यांच्या खोलीत गेले. ते कॉटवर टेकून, कितीतरी दिवसांनी, पोटावरून हात फिरवत होते. मला खोटं बोलायला जमत नाही, चेहऱ्यावर लगेच येतं. मी सगळं सांगून टाकलं. "आबा, माजी चूक झाली. खेकडं तपासलं न्हाईत मी. कदाचित विषारी असतील. दवाखान्यात जाऊया."

आबा खिडकीकडं बघत राहिले. माझ्या मनात आलं, आता म्हणणार, 'आली बघ ऑर्डर.' म्हणणार, 'असू दे, मला हितंच पडू दे.' मी आधीच हात जोडायच्या तयारीत होते.

आबांनी काठी जमिनीवर आपटली. "मग बघत काय उभी ऱ्हायलीस? गाडी काढाय सांग त्येला! माज्या चपला कुटं हायत?"

आणि निघाले. आठ महिने स्वतःहून फाटकापर्यंत न गेलेला माणूस माझ्यापुढं फाटकाबाहेर. चपला उलट्या घातल्या होत्या, तशाच घालून मागच्या सीटवर जाऊन बसले आणि यांना दरडावलं, "चला, चला! टाइम किती झाला?"

मिरज रस्त्यावरच्या छोट्या दवाखान्यात आम्हाला सोडून हे परत घरी गेले. का गेले ते मला त्या गडबडीत कळलं नाही. डॉक्टरांनी आबांना खाटेवर झोपवलं, नाडी बघितली, रक्तदाब बघितला, ओठांना कापूस लावून विचारलं, "कळतंय का?"

"कळतंय."

"बोटांना मुंग्या?"

आबांनी दहाही बोटं डोळ्यांपुढं धरून एकेक हलवून बघितली. "न्हाईत. अजून तरी न्हाईत. तुमी परत बघा बरं नाडी."

डॉक्टरांनी परत बघितली. मी त्यांना फोटो दाखवला तसे ते हसले आणि म्हणाले, "ताई, मी जतचा. आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं यायचं. मला गोड्या पाण्यातला खेकडासुद्धा डॉक्टर झाल्यावर ठाऊक झाला. मी नाडी सांभाळतो, खेकडा तुम्ही ओळखा." खोटी हुशारी न दाखवणारा माणूस बघून मला जरा धीर आला. पाच-दहा मिनिटांनी आबा मलाही मुठी उघडझाप करायला लावत होते. "तू बी चाखलास न्हवं? कर, कर. बोटं हलव."

साडेचारला हे आले. हातात त्यांचा रोजचा पेढीवर न्यायचा डबा. उघडून माझ्यापुढं धरला. आत ओल्या मातीचा वास मारणारे ते दोन मेलेले खेकडे, आख्खे, पायांसकट. आणि खालच्या कप्प्यात सात पाठी, धुवून ठेवलेल्या. वीस वर्षं वशाटाला न शिवलेला माणूस लिंबाच्या बुडात हातांनी उकरत बसला होता. हळदीनं पिवळी पडलेली त्यांची बोटं, त्यांच्या नखांत चिखल. मी बोलले असते तर तिथंच रडले असते.

"भाचीला फोन लाव," हे म्हणाले. "तिच्या शेजारची ती कालवंवाली बाई हाय न्हवं, तिला दाखवूया."

त्या बाईलाच! पण मला नाक वर करायची सोय राहिली नव्हती. व्हिडिओ लावला. भाचीनं पळत जाऊन बाईला बोलावलं आणि फोन तिच्यापुढं धरला. मी व्हरांड्याच्या कट्ट्यावर मेलेला खेकडा ठेवला.

"उताणा नको गो, पालथा घाल," ती म्हणाली. "आता मागचा पाय ओढ. शेवटचा."

ओढला. शेवटचं पेर चपटं होतं, गोलसर, वल्ह्याच्या पात्यासारखं. बाकीचे पाय टोकदार आणि हा एकच असा. मला नवल वाटलं की सकाळी हातात धरून मी हे बघितलंच नव्हतं. मी झडप बघितली होती, भरलेला का पोकळ ते बघितलं होतं.

"हां. हा पोहणारा. पायावर पट्टे पण हायेत. आता पाठीचे दात मोज, डोळ्याकडनं कडेकडेनं."

मोजले. सहा. दुसऱ्या बाजूला सहा.

"हा आमच्या घरात रोज शिजतो गो. ह्यानं काय होत नाही."

मी खेकडा परत डब्यात टाकायला लागले. पण बाई पक्की होती. म्हणाली, "थांब, थांब. हे दोन तर मेलेले. शिजले ते कोणचे? सगळे एका जातीचे होते कशावरून? खडकात नाही नाही ते असतात. पाठ गुळगुळीत, कडेला दात नाही, मागचा पाय बाकीच्यांसारखाच, असल्याला आम्ही हात लावत नाही. ओळखला नाही, की सोडून द्यायचा. पाठी दाखव सगळ्या."

मग आम्ही दोघांनी त्या पाठी कट्ट्यावर ओळीनं मांडल्या. मी मोजायची, हे बोट ठेवायचे, फोनमधून ती बाई बघायची. पहिली, सहा आणि सहा. दुसरी, सहा आणि सहा. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी तशीच. दवाखान्यात आलेली माणसं थांबून बघायला लागली. सातवी पाठ माझ्याच हातानं फुटलेली होती. एकीकडं सहा दात, आणि दुसरी बाजू गुळगुळीत.

ती कड अगदी साफ दिसत होती. बाई फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. तेवढ्यात यांनी डबा कट्ट्यावर उपडा केला, बोटानं माती चाळली आणि नखाएवढा एक तुकडा उचलला. गुळगुळीत कडेला लावून बघितला. बसला. त्या तुकड्यावर दात. मी मोजले, परत मोजले, यांच्याकडून मोजून घेतले. सहा.

"झालं तर मग," बाई म्हणाली. "काळी बोटं बघून घाबरलात व्हय? ह्यांची असतात तशी काळपट." आणि मग हसू दाबत म्हणाली, "सकाळी बघू दिलं असतंस, तर दवाखाना लागला नसता गो."

"चुकलं माझं," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. मला सहजासहजी माफी मागता येत नाही, पण त्या क्षणी मला तिच्या पाया पडावं लागलं असतं तरी पडले असते. ती म्हणाली, पुढच्या वेळी माझ्याबरोबर चल, मी कुठं कोणचा असतो ते दाखवते. मी येते म्हणून कबूल केलं आणि ते मी करणार आहे.

डॉक्टर म्हणाले, तरी सहापर्यंत थांबा, माझ्या समाधानासाठी. थांबलो. सहाला त्यांनी शेवटचा रक्तदाब घेतला आणि म्हणाले, "आबा, माझ्यापेक्षा चांगला आहे तुमचा. जा घरी." मला इतकं हलकं वाटलं की पायऱ्या उतरताना उगाचच हसू येत होतं. हेही हसत होते. डबा मात्र त्यांनी दवाखान्याच्या नळावर चारदा धुतला, तरी वास गेला नाही. दुसऱ्या दिवशी नवा आणला.

आबा हसत नव्हते. मी मागच्या सीटवर त्यांच्याजवळ बसले. उन्हं उतरली होती, मार्केट यार्डाकडून हळदीचा वास येत होता. गाडी सुरू झाली तरी आबा मान खाली घालून आपल्या हातांकडं बघत होते. मला वाटलं थकले. पाणी पुढं केलं तर मानेनंच नको म्हणाले.

मग हळूच म्हणाले, "भ्यालो गं मी, पोरी."

"आमी समदीच भ्यालो, आबा."

"तुमचं निराळं." ते म्हणाले. "मला वाटायचं, मी तयार हाय. येतो येतो म्हणत हुतो रोज तुज्या आईला. आन् बलावणं आलंसं वाटलं, तर मी चपला सुदिक बघितल्या न्हाईत. गाडीत पळत यिऊन बसलो." हातांकडंच बघत ते बोलत होते. "काय म्हणत आसंल ती? म्हणत आसंल, फसवलं मला म्हाताऱ्यानं."

इतके दिवस त्या माणसाला जगावंसं वाटावं म्हणून मी देवाला साकडं घालत होते. आता जगावंसं वाटत होतं, तर त्याला त्याचीच लाज वाटत होती. मी त्यांचा हात धरला. अजून मूठ उघडझाप करतच होते ते.

"आबा," मी म्हटलं, "तुमी पलटणीत किती वर्षं हुता?"

"अठ्ठावीस."

"आन् वर्सातनं घरी किती दिवस?"

"दोन म्हैनं. कवा कवा तेवढं बी न्हाई."

"बाकीचं धा म्हैनं आई काय करत हुती?"

हे समोर रस्त्याकडं बघत गाडी हळू चालवत होते.

"वाट बघत हुती, आबा. तुमी येतो म्हणून पत्र टाकायचा आन् सुट्टी रद्द व्हायची, तरी बघत हुती. आता आनी थोडी बघंल. तिला सवय हाय."

आबांनी मान वर केली. मग माझ्या हातातली बाटली घेतली, घटाघटा पाणी प्याले आणि म्हणाले, "व्हय. तिला सवय हाय."